जोडीदार नसलेले सहा जोडलेख

"ह्यात माझे जोडीचे लेख शून्य कसे रं, दत्तू?"

परशराम मास्तरांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी शाईच्या बाटलीचं बूच घट्ट करत होतो. ते आधीच घट्ट होतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. बेळगावातल्या एका लहानशा संशोधन मंडळात मी असिस्टंट लायब्रेरियन होतो. मंडळाला पूर्णवेळ संशोधकाची एक जागा मंजूर झाली होती. उमेदवार दोन. एक गावातलेच कॉलेजचे प्रोफेसर, एम. ए. दुसरे खानापूरकडचे शाळामास्तर परशराम, फायनल पास, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेले. दोघंही जुने शिलालेख वाचणारे. वशिल्याची कुजबुज सुरू झाली, म्हणून आमचे चिटणीस गोविंदराव यांनी ठरवलं की मोजूनच माणूस घ्यायचा.

"तीन रकाने पाड," त्यांनी मला सांगितलं. "एकट्याचे लेख किती, जोडीने लिहिलेले किती, आणि दुसऱ्यांनी हवाला किती वेळा दिलाय. कमिटी सोमवारी आहे."

हवाला म्हणजे काय, तर एखादी गोष्ट आपण अमक्याच्या लेखातून घेतली असं दुसऱ्या अभ्यासकानं तळटीपेत लिहिणं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्ष मोजायला बसलं की डोकं फिरतं. प्रोफेसर स्वतःच्या लेखात स्वतःचाच हवाला देत. एकदा नाही, पानोपानी. ते धरायचे का? एका कन्नड मासिकात कुणीतरी लिहिलं होतं की प्रोफेसरांचं या ओळीचं वाचन साफ चुकलं आहे. हा हवाला का?

"नाव आलंय ना? मग मोज," गोविंदराव म्हणाले.

"साहेब, चुकलं म्हणून आलंय."

"तू वाचत बसू नकोस रे. मोज!"

मी मोजलं. पण कशावरून मोजलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या लायब्ररीत लेखांची कार्डं होती. लांबट लाकडी खणात लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली. एक लेख दोघांनी लिहिला असेल तर दोन कार्डं करायची, दोघांच्या नावाखाली एकेक, असा नियम. युद्धात कागद मिळेना. कार्डांचा पुठ्ठा तर दिसेनासाच झाला. तेव्हा मी माझ्या अधिकारात एक काटकसर सुरू केली. लेखाला एकच कार्ड, पहिल्या नावाचं. दुसऱ्या नावाच्या जागी 'व अन्य' एवढंच. गोविंदरावांनी पाठ थोपटली होती.

आता पहिलं नाव कुणाचं? आमच्याकडे रीत अशी की डिग्रीप्रमाणे नावं छापायची. एम. ए. आधी, फायनल पास मागून. काम कुणी किती केलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

काम मास्तरांचं होतं. दर रविवारी ते खानापूरच्या रानात जात. दगड घासून धुवायचा, ओला कागद त्यावर ब्रशनं ठोकून बसवायचा, वर शाईचं बोचकं फिरवायचं, म्हणजे अक्षरं कागदावर पांढरी उमटतात. त्याला ठसा म्हणतात. तो ठसा घेऊन मास्तर प्रोफेसरांकडे येत आणि दोघं मिळून वाचत. असे सहा लेख झाले. सहाही लेखांवर छापील नावं दोन.

ते लेख ज्यांत छापले होते ते मासिकांचे अंक समोरच्या भिंतीला कपाटांत होते. मी उठलो नाही. खण ओढला आणि कार्डं मोजली. प्रोफेसरांच्या नावे जोडीचे लेख सहा. मास्तरांच्या नावे जोडीचा एकही नाही, एकट्याचे दोन. तक्ता टाइप करून कमिटीच्या सभासदांना आणि दोन्ही उमेदवारांना पाठवला. आणि शनिवारी मास्तर समोर उभे.

"कार्डावरनं घेतलंय, मास्तर," मी म्हणालो.

"कार्ड कुणी केलतं?"

"मीच."

मास्तर हसले. "मग जोडीतला दुसरा मी, ह्ये तुला ठावं न्हाय व्हय? ठसं वाळवाय ह्याच टेबलावर टाकत हुतो की रं! तूच वरडायचास, शाई लागती म्हणून."

"दुरुस्ती करून घेतो."

"घे बाबा. मला खुर्चीची हौस न्हाय. पर रविवार पुरत न्हाय. लोक दगड पायरीला लावाय लागल्यात, बांधाला घालाय लागल्यात. मागच्या पंधरवड्यात एकाकडं गेलतो, तर त्यावर म्हशी धूत हुते. आठवडाभर मोकळा मिळालो तर लई वाचवीन."

मी लगेच गोविंदरावांकडे गेलो. त्यांनी कपाळावर हात मारला.

"प्रती सभासदांना गेल्या! आता तक्ता बदलायचा म्हणजे पहिला चुकला कसा, हे सांगावं लागेल. कार्डांची काटकसर कुणाची, हेही. तू अजून टेंपररी आहेस ना?"

"हो."

"मग बघ बाबा. माझी हरकत नाही."

सोमवारी कमिटी बसली. रजिस्टर घेऊन मी कोपऱ्यात होतो. एका वयस्कर वकील सभासदानं चष्मा वर केला. "प्रोफेसरांचे जोडीचे सहा. जोडी कुणाशी?"

गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. वकीलसाहेबांनीही पाहिलं. एक नाव उच्चारायचं होतं.

"कार्डावर 'व अन्य' आहे, साहेब," मी म्हणालो.

"असतील कुणी विद्यार्थी," दुसरा सभासद म्हणाला आणि पान उलटलं.

जागा प्रोफेसरांना मिळाली. ते एकदाही रानात गेले नाहीत. त्यांना धुळीचा त्रास होता. ठसे पाठवा म्हणून त्यांनी मास्तरांना माझ्याच हातून पत्र लिहवून घेतलं. उत्तर एका ओळीचं आलं, आता सवड नाही. पुढे मास्तरांची बदली बोरगावच्या बाजूला झाली. तिकडे ना रान, ना शिलालेख. खानापूरकडचे जे दगड त्यांनी पाहून ठेवले होते, पण ज्यांचे ठसे घ्यायचे राहिले होते, त्यांतले दोन शोधायला मी नंतर गेलो. एक ओढ्यावरच्या मोरीत बसवलेला सापडला, अक्षरांची बाजू आत. दुसरा सापडलाच नाही.

मी महिन्याभरात परमनंट झालो.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी आमच्या लायब्ररीत बसून या भागाचा इतिहास लिहिला, त्यांनी माझ्या कार्डावरून प्रोफेसरांचाच हवाला दिला. ती पुस्तकं अजून वाचली जातात, आणि त्यांच्यावरून पुढची लिहिली जातात. मास्तरांच्या नावाची सहा कार्डं मी रिटायर होण्याच्या आठवड्यात केली. तोवर मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तरी लिहून ठेवतो. ते सहाही लेख परशराम मास्तरांचे आहेत, प्रोफेसरांइतकेच, आणि ठसे सगळे त्यांचे एकट्याचे. कुणाला खात्री करायची असेल तर कार्ड बघू नये, मूळ अंक काढावा. माझ्या टेबलापासून ते कपाट आठ पावलांवर होतं.