पाखरांनी वाटून खावं म्हणून

वत्सलाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दसरा झाला की कोयता, तवा आणि लेकरं ट्रकमध्ये टाकून निघायचं ते पाडव्याच्या आसपास परतायचं. पुढे गुडघे गेले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मोळी उचलायला साफ मनाई केली, तेव्हा कुठे त्या खडकदऱ्यात, आमच्या गावात, बाराही महिने राहू लागल्या.

राहू लागल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या शिवारात ज्वारी उरलेलीच नाही. जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि कापूस, पाणी असेल त्याचा ऊस. भाकरी रोज लागते, पण तिची ज्वारी बाजारातून यायची. एकदा मी भाकरी थापत होते आणि ती सारखी चिरत होती. आत्या बाजूलाच बसल्या होत्या.

"कुठली हाय गं ही ज्वारी?"

"दुकानातली."

"दुकानात काय ज्वारी पिकती का? कुण्या गावची, कुण्या रानची, कायतरी असंल की!"

आत्यांनी ते मनावर घेतलं. माहेराहून मालदांडीचं बियाणं आणलं आणि त्या वर्षी आमच्या ओढ्याकाठच्या तुकड्यात ज्वारी पेरली. जमीन काळी, ओल धरणारी. पीक असं आलं की वाटेनं जाणारा माणूस थांबून बघायचा.

मग कणसात दाणा भरला आणि पाखरं आली. आधी चिमण्या, नंतर भोरड्यांचे थवे. आत्या मचाणावर बसून गोफण फिरवायच्या, ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. इकडचा थवा उठवला की तिकडं दुसरा उतरायचा. साऱ्या शिवारात दाणा होता तो तेवढ्या एका तुकड्यात, मग ती बिचारी जाणार कुठे? काढणीला गेलो तर निम्मी कणसं दाण्यावाचून नुसती पिशी होऊन उभी.

माझे मालक, रामेश्वर, म्हणाले, "आई, पाखरांसाठीच पेरलीस म्हण की."

दोन दिवसांनी आत्या मला म्हणाल्या, "चूक पाखरांची न्हाई. मी एकटीनं पेरली ही चूक झाली."

पुढच्या पावसाळ्यात त्यांना घरोघर जाऊन बायकांना पटवायचं होतं, पण तोवर गुडघे आणखी दुखावले होते, चालू देईनात. मी म्हटलं, बचत गटाचा ग्रुप आहे ना फोनवर, त्यात टाकू. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं: हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. त्यांनी दाबलं आणि ओढ्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा ओरडल्या:

"अगं ए बायांनो! मी वत्सला बोलायले! मी एकटीनं ज्वारी पेरली तर समद्या शिवाराची पाखरं माझ्याच रानात उतरली. यंदा आपण समद्यांनी पेरू. पाखरं वाटून खातील. त्यांचं बी पोट भरंल, आपलं बी!"

बायका हसल्या. फुलांची चित्रं आणि जोडलेले हात आले. आमच्या गल्लीतल्या वनमालानं मात्र खरं ते विचारलं, "आत्या, आमी तर तोडीला जाणार. पेरून जाऊ, पण राखण कोण करंल? काढंल कोण?"

"राखण मी करते. काढणीचं बघू."

रामेश्वर चिडले. "तुला उंबरा वलांडता येईना, अन् गावाची राखण कावून अंगावर घेतीस?"

पण निरोप गेला होता. सात-आठ घरं तयार झाली. आत्यांची अट एकच, रानं एकमेकांना लागून हवीत. दसऱ्याच्या आत ओढ्याकाठी सलग पट्टा पेरून झाला. त्यात बायडाबाईंचा तुकडा अगदी टोकाला होता. या बायडाबाई एकट्या राहतात, आत्यांच्या बरोबरीच्या. गावातले बडे शेतकरी सुंदरराव रस्त्यानं जाताना गाडी थांबवून म्हणाले, "वत्सलाबाई, उसाच्या जमान्यात हे काय काढलंय?" आत्या म्हणाल्या, "भाकरी काढलीय, दादा."

पेरून सगळी तोडीला गेली. कुणी कारखान्यावर सांगलीकडं, वनमाला आणि तिचा नवरा थेट कर्नाटकात. राखणीसाठी उरलो आम्ही आणि म्हातारी माणसं.

इथं राधाकिशन कामाला आला. त्याच्याकडे मळणी यंत्र आहे, आणि पूर्वी भाजीचा गाडा फिरवायचा तेव्हाचा भोंगा घरात पडून होता. तो म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज लई तिखट हाय. तोच भरू." मचाणावर भोंगा बांधला, त्याला लहानसं सोलर लावलं, आणि सकाळपासून सारं शिवार आत्यांच्या आवाजानं दुमदुमू लागलं: "हाऽऽ हुर्र! ऊठ मेल्या! ऊठ!" पहिले काही दिवस पाखरं बिचकली. मग ती भोंग्यावरच येऊन बसू लागली. मग आत्या रोज नव्या शिव्या भरून द्यायच्या, आणि म्हातारी मंडळी पाळीपाळीनं गोफण घेऊन बसायची. पाखरांनी खाल्लं, नाही असं नाही. पण पट्टा मोठा होता. थोडं इथलं खाल्लं, थोडं तिथलं.

तोडीवरच्या बायकांना आत्यांचा रोज निरोप जायचा. "वनमाला, तुझी ज्वारी कमरंला लागली गं." "वनमाला, निसवली बघ, मोत्यासारखं कणीस हाय." वनमालानं मला नंतर सांगितलं, की संध्याकाळी चुली पेटल्या की चार कोप्यांतल्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या, बाया तिच्या फोनाभोवती जमायच्या. दिवसभर दुसऱ्याचा ऊस तोडायचा आणि त्या वेळेला आपल्या रानात काय चाललंय ते ऐकायचं. काही बाया तर आमच्या गावच्याही नव्हत्या. त्या विचारायच्या, "आज म्हातारी काय म्हणली?"

ज्वारी पिकली आणि रामेश्वरांनी फोनवर गारपिटीचा इशारा वाचला. दोन-तीन दिवसांत. तोडकरी यायला अजून महिना होता. पिकल्या ज्वारीवर पाणी पडलं की दाणा काळा पडतो, गारा पडल्या तर हाती काहीच लागत नाही.

आत्यांनी फोन तोंडाशी धरला. या वेळी ओरडल्या नाहीत. "उद्या इर्जिक हाय. मजुरी न्हाई, नुसती भाकरी. ज्याला येता येईल त्यानं विळा घेऊन यावं."

इर्जिक मी तोवर नुसती ऐकून होते. एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. गावात कित्येक वर्षांत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडता बघते तर ओढ्याकाठी माणसं! म्हातारे, कॉलेजच्या पोरी, दुकान बंद करून आलेला शिंपी. सुंदररावांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली पाठवली, गडीही पाठवले. ज्वारी उपटायला लोक वाकले तसं आत्यांनी थांबवलं. "कडबा राहू द्या. उभ्या ताटाचीच कणसं खुडा. कडबा भिजला तर जनावरं नाक मुरडून का होईना खातील, भिजलेलं कणीस कोण खाईल?"

त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून पालथ्या घमेल्यावर बसून त्या पोत्यांची तोंडं शिवत होत्या. बायडाबाई आणि मी चुलीपुढं. भाकरी, पिठलं, ठेचा. त्या दिवशीचं पीठ मात्र बाजारच्याच ज्वारीचं होतं. ट्रॉली भरभरून मारुतीच्या देवळात रिती होत होती. सभामंडपात कणसांचे ढीग लागले.

काढणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फुटलं. लिंबाएवढ्या गारा. पळापळीत सगळे देवळात शिरलो. तिथं उभं असताना आत्यांनी विचारलं, "बायडे, तुझं रान झालं का?"

बायडाबाई म्हणाल्या, "टोकाला हाय ना माझं. राहिलं."

दोन दिवस ती बाई सगळ्यांसाठी भाकरी थापत होती, आणि तिचंच रान तेवढं राहिलं होतं. आत्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पाऊस थांबल्यावर राधाकिशननं देवळापुढंच यंत्र लावलं आणि रास झाली. पांढरीशुभ्र ज्वारी. पोती भरायच्या आधी आत्यांनी तोडीवरच्यांना निरोप पाठवला, "समद्यांच्या राशीतून आधी बायडाबाईचा वाटा काढायचा म्हणते. तुमी मालक. तुमी सांगा." उत्तरं यायला वेळ लागला नाही. वनमालाच्या आवाजामागं उसाच्या गाडीचा खडखडाट येत होता. "काढा की आत्या. इचारायचं काय त्यात?"

पाडव्याच्या सुमारास वनमाला परतली. अंगावर प्रवासाची धूळ तशीच. घराचं कुलूप काढलं तर ओसरीत ज्वारीची पोती उभी. दरवर्षी परतल्यावर पहिल्यांदा दुकान गाठावं लागायचं. त्या दिवशी ती गिरणीत गेली.

यंदा पट्टा ओढ्यापलीकडं गेला आहे. सुंदररावांनीही बांधालगतचा उसाचा एक तुकडा मोडून ज्वारी केली. उरलेली ज्वारी अंबाजोगाईतली माझ्या माहेरची गल्ली घेते. तिथून निरोप येतात आणि आत्या त्यांनाही कणसं कशी आहेत ते तपशीलवार ऐकवतात.

काढणी कुठून सुरू करायची यावर यंदा कुणी बोललंच नाही. सगळे थेट टोकाला, बायडाबाईंच्या रानात गेले. आत्या म्हणाल्या, "बायडे, चुलीचं बघतीस ना?"

"यंदा न्हाई," बायडाबाई म्हणाल्या. "यंदा मी माझ्या हातानं काढणार हाय." आणि पदर खोचून, विळा घेऊन त्या पुढं निघाल्या.

मग भाकरी रामेश्वर आणि राधाकिशननं थापल्या. जाड झाल्या, कडा करपल्या. पण दुपारी टोपल्यात एकही उरली नव्हती.