पिंजऱ्यात एकेकटे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते. मागच्या वर्षी मी गेले नाही. धुळ्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे उंदीर होते. त्यांना रोज औषध पाजायचं, आणि हात बदलला की उंदीर बिथरतात, म्हणून ते मीच पाजायचं. पाचोऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा हेच कारण त्याच्या तोंडावर फेकलं. कारण खोटं नव्हतं. पण आई गेल्यानंतरची ती पहिली आखाजी होती, आणि मला त्या घरात पाऊल टाकायचं नव्हतं, हे त्याहून खरं होतं.

प्रयोग असा. उंदीर हा गोतावळ्यात राहणारा जीव. त्याला काही आठवडे पिंजऱ्यात एकटं ठेवलं की तो खचतो. मग काहींना साक्रीकडून आणलेल्या बेलाच्या पानांचा अर्क, काहींना माणसांना नैराश्यावर देतात ते औषध, आणि काहींना नुसतं पाणी. शेवटी एकेकाला पाणी भरलेल्या काचेच्या उंच भांड्यात सोडायचं. जो हातपाय मारतो त्याला अजून उमेद आहे, जो नुसता तरंगत राहतो त्याने आशा सोडली, असा आमचा हिशोब. उंदराला कुणी विचारलेलं नाही.

या उंदरांशी बोलायचं नाही, त्यांना कुरवाळायचं नाही, असा नियम. नाहीतर ते एकटे कसले?

आखाजीच्या दिवशी कॉलेजातल्या सगळ्या बायका माहेरी पळालेल्या. माझी नेहमीची खाणावळही बंद. दुपारी पाणीवाल्या गटातला एक उंदीर हातात घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "काय रे भो, जेवना का?" सकाळपासूनचं माझं ते पहिलं वाक्य. घसा खरखरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले, मग रोजच. उकाड्याबद्दल, घरमालकिणीच्या टोमण्यांबद्दल, कॉलेजातल्या राजकारणाबद्दल. फक्त त्याच्याशीच. बाकीच्यांवर अन्याय झाला, मान्य आहे.

चाचणीच्या दिवशी पाणीवाले एकामागून एक तरंगत राहिले. हा पठ्ठ्या मात्र शेवटपर्यंत हातपाय मारत होता, औषधवाल्यांच्याही वरताण. माझे मार्गदर्शक सर चक्रावले. मी सांगून टाकलं, "सर, मी याच्याशी बोलत होते."

ते हसले नाहीत. "मग तो एकटा नव्हता. वगळा त्याला," एवढंच म्हणाले.

शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होतं. मला मात्र त्या एवढ्याशा जिवाचा हेवा वाटला. या वयात उंदराचा हेवा वाटावा याची लाजही वाटली. खोलीवर आले आणि दिवा न लावता तशीच बसून राहिले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आई गेल्यापासून तो पाचोऱ्याच्या घरात एकटाच राहतो, स्वतःच भाकरी थापतो. प्रयोग कधी संपणार हे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं.

"अक्का, आते तरी ये. कव्हय येशी?"

आता पुढे करायला उंदीरही उरले नव्हते. मी चिडूनच बोलले, "कसाले येऊ? माय नही शे तठे." आईच नाही, तर तिथे कुणासाठी जायचं?

तो हळूच म्हणाला,

"मी शे ना अठे, अक्का."