अनंतावरचा पतंग

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत मी त्यांचे सगळे शर्ट सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकले. आईला विचारलं नाही. तिला त्रास नको म्हणून दिले, असं सगळ्यांना सांगत सुटले. खरं तर ते कपाट मलाच बघवत नव्हतं. आई भांडली नाही. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला हाक मारली की यायची, मुकाट जेवायची आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन बसायची, बाबांनी लावलेल्या अनंताशेजारी.

त्या अनंतावर अळ्या पडल्या. हिरव्यागार, शेपटीशी काटा. मी तंबाखूचं पाणी फवारून झाड वाचवलं. एक अळी आईने आधीच श्रीखंडाच्या डब्यात माती घालून ठेवली होती, ते मला नंतर दिसलं. त्या अळीसाठी आई सोसायटीच्या बागेतून अनंताची पानं आणायची. अळी मातीत शिरून कोष झाली, तेव्हापासून आई दिवसातून दहादा डब्यात डोकवायची. निदान कशात तरी तिचा जीव रमत होता.

एका सकाळी डब्यातल्या काडीवर पतंग बसलेला दिसला. हिरवं अंग, पोटावर लाल पट्टा. हा दिव्यावर येणारा पतंग नव्हे, भर उन्हात फुलांवर फिरणारा, एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं. पंखांवर मात्र राखाडी थर होता. माती लागलीय असं समजून मी बोटाने पुसलं. बोटावर भुकटी आली आणि पंख काचेसारखा आरपार दिसायला लागला.

भुकटी निघाली की फुलपाखरू उडत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. वळून बघते तर मागे आई.

"हात लावलास?"

मी मान डोलावली. पतंग थरथरायला लागला. आता हा मरणार आणि आई पुन्हा कधीच बोलणार नाही, याची मला खात्रीच झाली. थरथर वाढत गेली, आणि उरलेली भुकटीही आपोआप झडली. ती त्याला झाडायचीच होती. चारही पंख लख्ख करून तो अनंताच्या कळीसमोर हवेत तरंगला आणि सोसायटीपलीकडच्या नॅशनल पार्कच्या दिशेने निघून गेला.

"तुका सगळ्याक हात लावूची घाई," आई म्हणाली. "माका एक तरी शर्ट ठेवूक होयो होतो."

"चुकले गं."

तिने कठड्यावरून खाली गेटकडे बघितलं. "वॉचमन ह्यांचो निळो शर्ट घालून येता. म्हणान मी हंय बसतंय."

मी इतके दिवस समजत होते, ती अनंतासाठी बसते.