कूलर बंद करून

शुक्रवारी दुपारी आमच्या घरी बायकांची प्रार्थना असायची आणि मला तिची धास्ती वाटायची. चर्चच्या मंडळीतल्या आठ-दहा बाया यायच्या, सतरंजीवर गोल करून बसायच्या. एखादं गीत झालं की विषय सुरू. विषय म्हणजे जिला देवाकडे जे मागायचं ते तिनं सगळ्यांपुढे सांगायचं. पोराची नोकरी, नवऱ्याची शुगर, पोरीचं जमत नसलेलं लग्न. मग एकेकीनं प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. माझ्या सासूबाईंचा विषय कायमचा ठरलेला होता. तो विषय म्हणजे मी.

"माह्या सुनेले लेकरू पायजे," त्या सांगायच्या, वाण्याकडे सामान मागावं तशा.

मी तिथंच बसलेली असायची, पदराशी चाळा करत. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही धड सांगितलं नव्हतं, आणि इथं शेजारच्या गल्लीतल्या मावशीसुद्धा त्यावर मान डोलवायच्या. मी नाशिककडची, शाळेत शिकवणारी. आमच्याकडे असलं चारचौघींत बोलत नाहीत. म्हणून मी एक युक्ती काढली होती. नागपूरचा मे महिना, खिडकीत कूलर. सासूबाईंची पाळी आली की मी उठून तो फुल्ल करायची. पण म्हातारी वस्ताद!

"कूलर बंद कर वं."

"आई, उकडून मरतील सगळ्या."

"कोनी मरत नाही."

"देवाला कूलरमधूनही ऐकू जातं, आई."

"त्याले जाते. या बायाइले जात नाही. आमेन कोन म्हनन मंग?"

घ्या! कूलर बंद. घामाच्या धारा लागलेल्या, आणि सासूबाई खाटेची कड धरून कण्हत गुडघे टेकायच्या. बसून प्रार्थना करा म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. डोक्यावरून पदर घ्यायच्या, कपाळ सतरंजीला लावायच्या आणि इतक्या बारीक आवाजात सुरुवात करायच्या की वाटावं, आज तरी सुटले. "देवबापा, मी काई नाही. तुह्या दारातली धूळ हाय. मागाची लायकी नाही माही." आणि मग आवाज चढायचा. "पन तू आता लय उशीर करून राहिला. इचं वय चाल्लं. तुले रागवाचं असन तं मले रागव, पन इची कूस उजव. मी काई इथून हालत नाही." सगळ्या बाया एका सुरात आमेन म्हणायच्या. पार रस्त्यावर ऐकू जात असणार.

नवरा खापरखेड्याहून ड्यूटी करून आला की मी त्याच्यावर उखडायची. सांग ना तुझ्या आईला! तो हात-पाय धुता धुता हसायचा. "तूच सांग तिले. माह्या मॅट्रिकच्या टायमाले तिनं असंच केलं. मी नापास झालो, तं मले पुन्हा बसवलं परीक्षेले आन् देवालेही पुन्हा बसवलं."

माझी प्रार्थना वेगळी असायची. स्वच्छ, बेताची. "प्रभो, तुझी इच्छा असेल तर, तुझ्या योग्य वेळी, आम्हाला शांती आणि सामर्थ्य दे." पाळकसाहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, सूनबाई किती नम्रपणे मागतात. नम्र, डोंबलाची! मी मागतच नव्हते. मला भीती वाटायची. मागितलंच नाही, तर तो नाही म्हणेल कशाला? मूल हा शब्द माझ्या तोंडून देवापुढे एकदाही निघाला नव्हता.

मग डॉक्टरीणबाईंनी एक दिवस फाइल मिटली आणि म्हणाल्या, आता शरीराला त्रास देऊ नका. मी घरी आले. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, "आई, हात जोडते तुमच्यापुढे. यापुढे प्रार्थनेत माझा विषय काढायचा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून वं?" असं विचारतील म्हणून मी तयारीत होते. पण नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा खडे शोधू लागल्या.

शुक्रवार आला. विषय फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला. "माहा काई विषय नाही," त्या म्हणाल्या. सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी इतरांसाठी प्रार्थना केली, मला कूलर बंद करायला सांगितलं नाही, मोठ्यानं आमेन म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. मला हवं ते मिळालं होतं. पण मी स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले भरताना उगाच थांबायची, कान बाहेर लावून. कोणी तरी मागावं असं वाटायचं. या एवढ्या जगात माझ्यासाठी ती एक गोष्ट मागणारं एकच माणूस होतं, आणि त्याला मीच गप्प केलं होतं.

एका गुरुवारी गांधीबागेच्या कापडबाजारात परकराचं कापड घ्यायला गेले. दुकानदारानं आधीच्या गिऱ्हाइकासाठी मऊ मलमल उलगडून ठेवली होती, तान्ह्या बाळाच्या दुपट्यांची. माझा हात तिच्यावर गेला आणि तिथंच राहिला. "किती मीटर देऊ, ताई?" त्यानं विचारलं. परकराचं कापड न घेताच मी परत आले. वाटेत ऑटोत तोंडाला रुमाल लावून रडले. उन्हामुळे सगळ्यांच्याच तोंडाला रुमाल होते, कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत माझी पाळी आली. मी उठले आणि कूलर बंद केला.

पंखा घरघरत थांबला. मी गुडघे टेकले. "देवबापा," म्हटलं, आणि नेहमीचं ते 'तुझी इच्छा असेल तर' काही तोंडात येईना. "मला मूल हवंय. शांती नको, सामर्थ्य नको. मूल हवंय. दोनदा दिलंस आणि दोनदा काढून घेतलंस, तुझा राग आहे मला. पण दुसरं दार मला माहीत नाही, म्हणून तुझ्याच दारात आलेय. माझा काही हक्क नाही, ठाऊक आहे. तरी मागते. तू नाही म्हणालास तर उद्या पुन्हा येईन." पुढचं हुंदक्यात गेलं. माझं कपाळ सतरंजीला टेकलं होतं. केव्हा टेकलं, कळलं नाही.

बायांनी आमेन म्हटलं, नाकं पुसत पुसत. पण एक आवाज त्यात नव्हता. सगळ्यांत मोठा असायचा तो.

बाया गेल्यावर मी पेले विसळत होते. सासूबाई भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. मी विचारलं, "आई, आज तुम्ही आमेन म्हणाला नाहीत."

"आमेन म्हनलं का मानूस उठते," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सात तू आज पयल्यांदा त्याच्यासंगं बोलून राहिली होती. मी काहून उठवू तुले?"

मूल झालं नाही. सासूबाईही गेल्या, मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. माझं वयही केव्हाच निघून गेलं. शुक्रवारची प्रार्थना अजून आमच्याचकडे असते. माझी पाळी आली की मी कूलर बंद करते आणि मागते. आता नेमकं काय मागते ते नव्या बायांना कळत नाही, जुन्या विचारत नाहीत. सगळ्या आमेन म्हणतात, उठतात, दाराशी आपापल्या चपला शोधतात. मी तशीच राहते, कपाळ टेकून. माझं अजून बोलून व्हायचं असतं.