चमच्याची परतीची वाट

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी क्रँककाका पितळी सांध्यात गेलेला काळा रंग टाचणीने कोरत होते. रंग सुकून दगड झाला होता.

अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी उभं आयुष्य मॉडेल्स बनवली. चार दांड्या खिळींनी जोडायच्या, एक जागेवर पक्की करायची आणि दुसरी फिरवायची. मग उरलेल्या दोन्ही ठरलेल्या वाटेनेच जातात. फिरणारी ती क्रँक. त्यावरून कॉलेजच्या मुलांनी त्यांचं हे नाव पाडलं. रंगकाम मात्र बायकोचं: क्रँक लाल, पक्की दांडी काळी. सांध्यावर रंगाचा ठिपका जरी दिसला, तरी काका मॉडेल परत तिच्यापुढे ठेवत.

"तुम्हाला सासूच व्हायचं होतं, चुकून कारागीर झालात," ती म्हणायची.

गेल्या वर्षी तिची उजवी बाजू लुळी पडली. डावा हात आधीपासूनच थरथरायचा. जेवण नर्सबाई भरवू लागल्या. काकांनी मनावर घेतलं: हिने आपल्या हाताने जेवायचं. टेबलाला घट्ट बसणारी चौकट केली. दोन समांतर दांड्यांमुळे चमचा वर जाताना आडवाच राही, थेंब सांडत नसे. स्वतःच्या हाताने शंभरदा चालवून पाहिली. लोण्यासारखी चालली.

तिने उजव्या हाताने चौकटीची मूठ छातीकडे ओढली. चमचा ओठांशी आला आणि तिथेच थांबला. तिच्या त्या लुळ्या हाताला जेमतेम ओढणं जमत होतं, ढकलणं नाही. काकांनी परतीची वाट धडधाकट हातावर मोजली होती.

"अहो, आता असंच बसू का दिवसभर, आ करून?" ती हसली. मग म्हणाली, "राहू द्या हो ते. तुम्हीच भरवा ना."

"थोडे दिवस थांब. स्प्रिंग लावली की झालं."

पहिली स्प्रिंग जड निघाली, दुसरी चमचा उडवायची. काका जेवणाच्या वेळीही कामाच्या बाकावरच असत. आतून नर्सबाईंचा आवाज येई, "एकच घास, ताई." हवी तशी स्प्रिंग जमली, त्याच आठवड्यात तिला दुसरा झटका आला. वाचा गेली, गिळणंही गेलं. ती नाकात नळी घेऊन घरी आली.

काल दुपारी तिने बोटाने चौकट दाखवली, मग ब्रश. काकांनी तिच्या डाव्या हातात ब्रश दिला. पक्की दांडी तिने काळी केली. हात थरथरला, रंग सांध्यात उतरला. काका बघत राहिले.

"काका, कोरताय कशाला?" नर्सबाई दारातून म्हणाल्या. "आता ते चाललं काय आणि अडकलं काय."

काकांनी आतल्या पलंगाकडे पाहिलं. ती जागी होती, त्यांच्या हातातल्या टाचणीकडे बघत होती. त्यांनी टाचणी डबीत टाकली आणि चौकट होती तशी, अडकलेली, तिच्या उशाशी नेऊन ठेवली.

"उद्या माझी सुट्टी आहे, लक्षात आहे ना?" नर्सबाईंनी विचारलं. "सिरिंज सावकाश दाबायची. आणि उशी उंच हवी."

उद्या सकाळी सात वाजता नळीतून पातळ अन्न काका देणार आहेत.