दर्यामास्तरांची पावलं

बडोद्याला समुद्र नाही, तरी आमच्या दांडिया बाजारात भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असलेला एक माणूस राहत होता. शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही त्यांना दर्यामास्तर म्हणत असू. कुठलंही अंतर ते स्वतःच्या पावलांनी मोजत. फूटपट्टी मुलांच्या तळहातांसाठी असते, असं त्यांचं मत होतं आणि माझ्या तळहाताला ते अजून आठवतं.

दर सर्वपित्री अमावास्येला, घरात पितरांसाठी खीर-वड्यांची तयारी चालू असताना, मास्तर एसटी पकडून खंभातच्या आखाताकाठच्या एका गावी जात. वर्षातली मोठी भरती त्या सुमारास येते म्हणून. तिथे रमीबेन नावाच्या कोळणीच्या ओट्यापासून पाण्यापर्यंत ते पावलं मोजत आणि आकडा पंचांगाच्या कडेला लिहीत. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, यावर काडीचा विश्वास नव्हता. "मोजायला जातात म्हणे. मिशीला बोंबलाचा वास येतो," त्या आईला सांगत.

आकडा दर वर्षी कमी होई. मास्तरांचीच टांग लांब होत असेल, अशी बाबांनी थट्टा केली. मास्तर चिडले. "अहो, म्हातारपणी पाऊल आखूड होतं. पावलं वाढायला हवीत, ती घटताहेत." तापलं की दूध वर येतं, तसा दर्याही तापून वर येतोय, शिवाय बर्फ वितळतोय, असं ते समजावू लागले. काकू म्हणाल्या, दर्याचं नंतर बघा, आधी गॅस बंद करा. तेव्हा सगळे शहराच्या वासणा भागातल्या नव्या फ्लॅटचे चौरस फूट मोजण्यात दंग होते. रमीबेनची विहीर खारट झाली, हे कुणाच्या कानात शिरेना. मास्तर मात्र तिच्या मागे लागले होते, की पन्नास पावलं उरली की घर टेकडीवर ने. सासऱ्याचं घर सोडायला ती तयार नव्हती.

एका उन्हाळ्यात मास्तर गेले. मला फार वाईट वाटलं, फूटपट्टीसकट.

त्या सर्वपित्रीला काकूंनी त्यांचं पान वाढलं, तोच दारात एक बाई गाठोडं घेऊन उभी. रमीबेन. "मास्तर नहोता, एटले में पोते पगलां गण्यां," ती म्हणाली. "पचास न थयां. घर टेकरे लई गई. गई पूनमे दरियो ओटलो लई गयो." तिने स्वतः पावलं मोजली, पन्नासही भरली नाहीत म्हणून घर टेकडीवर नेलं, आणि गेल्या पौर्णिमेला दर्याने ओटा नेला तरी पोरंबाळं वाचली होती. मग तिने गाठोडं सोडलं. सुके बोंबील. मास्तर दर साल खायचे, ती अगदी सहज बोलून गेली.

काकूंनी दोन बोंबील उचलून पानावर खिरीशेजारी ठेवले आणि पान गच्चीत नेलं. कावळा लगेच आला. खिरीकडे त्याने बघितलंही नाही, बोंबील घेऊन उडाला.

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"म्हणजे मोजायलाही जात होते तर," त्या म्हणाल्या.