चांगल्या मूत्रपिंडाची स्लाइड

“हे तर स्वच्छ पॉझिटिव्ह आहे. साइन करून टाका,” मायक्रोस्कोपवरून डोळे काढत साठे सर म्हणाले. ते आमच्या म्हैसूरच्या लॅबचे प्रमुख. मी पेन उघडलंसुद्धा.

“बेड, बेड!” कानडीत ‘नको, नको’ म्हणत सुनंदाक्कांनी माझा हात धरला. “सही नको करू, मेधा. स्वल्प थांब की.”

डॉ. सुनंदा आमच्या स्लाइड रंगवण्याच्या विभागाच्या प्रमुख. घराणं इथल्या जुन्या मराठी रंगाऱ्यांचं, आणि त्याचा तोरा भलताच. सगळी लॅब त्यांना वचकून असते.

प्रकरण नाजूक होतं. कृष्णराजनगरच्या एका तरुणाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. थोरली बहीण आपलं एक द्यायला तयार होती. ऑपरेशन ठरलं होतं. पण त्याच्या बायोप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यात, रक्त गाळणाऱ्या गुच्छांमध्ये काहीतरी साचलेलं दिसलं. मला फायब्रोनेक्टिनची शंका आली. हे प्रथिन पेशी तयार करून बाहेर सोडतात आणि ते त्यांच्याभोवती जाळ्यासारखं पसरतं. क्वचित एखाद्या घराण्यात ते मूत्रपिंडात साचत जातं. तसं असेल, तर बहिणीतही तो दोष असू शकतो. एक मूत्रपिंड देऊन तीच उद्या डायलिसिसवर यायची. आणि तसं नसताना तिला अडवलं, तर भावाचा जीव उगाच टांगणीला.

म्हणून आम्ही अँटिबॉडी मागवली होती. ती नेमक्या एका प्रथिनाला चिकटते, आणि चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवता येतो. आमची स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी झाली होती.

“आमच्या घरात आधी चिंधी बुडवून बघत, मग साडी,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही थेट साडीच बुडवली की हो सर!”

त्यांनी एक निरोगी मूत्रपिंडाचा तुकडा घेऊन तसाच रंगवला. तोही सगळा तपकिरी! फायब्रोनेक्टिन रक्तातही असतं. अँटिबॉडी जास्त तीव्र झाली, की दिसेल ते रंगतं.

मग अक्का अँटिबॉडी पातळ करत गेल्या. दर वेळी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी. हॉस्पिटलचे फोन येत होते, साठे सर येरझारा घालत होते. अक्का ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी निरोगी तुकडा जवळजवळ फिका राहिला, आणि त्या मुलाच्या तुकड्यात फक्त ते गुच्छ गडद तपकिरी उमटले. इतकी देखणी स्लाइड मी पूर्वी पाहिली नव्हती. खरं सांगते, अंगावर काटा आला.

मी सही केली. ऑपरेशन थांबलं. बहिणीची जनुकीय तपासणी झाली आणि तोच दोष तिच्यातही निघाला. त्रास अजून सुरू झाला नव्हता, एवढंच. “मग माझ्या भावाला कोण देणार?” एवढंच तिने विचारलं. तो आता डायलिसिसवर आहे, मृत दात्याची वाट बघतोय. तिची दोन्ही मूत्रपिंडं आज ठणठणीत आहेत.

“मी पहिल्या झटक्यात पॉझिटिव्ह म्हटलं होतं,” साठे सरांनी ऐकवलंच.

“होय सर,” अक्का म्हणाल्या, “पण तेव्हा चांगलं मूत्रपिंडसुद्धा पॉझिटिव्हच होतं की.”

आमच्या कामात नुसतं बरोबर उत्तर पुरत नाही, ते बरोबर का, हेही दाखवावं लागतं. हल्ली साठे सर कुठलीही स्लाइड हातात घेण्याआधी निरोगी तुकड्याची मागतात. ही पद्धत आपण सुरू केली, असं ते नव्या लोकांना सांगतात. अक्का ऐकून घेतात.